बैलगाडीच्या मापाची जीप

गोरखनं मोठी गाडी कुसगावात आणली तेव्हा ती श्रीपतीच्या अंगणात मावली नाही. तोंड तुळशीपाशी आणि मागचा हौदा अर्धा रस्त्यावर, अशी ती उभी राहिली. हॉटेलाकडं भाजी घेऊन निघालेला टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि शेवटी शिव्या घालत मागं गेला.

गोरख लोणावळ्यातला जुन्या गाड्यांचा दलाल. खाली उतरून त्यानं बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी बॉनेटवर थाप मारली.

"बघा श्रीपतीभाऊ. डबल केबिन, मागं हौदा, चारी चाकांना ताकद. मालक मुंबईचा, वर्षातनं दोनदा चालवायचा. नवरीसारखी ठेवलीय."

"नवरी लय दांडगी हाय," श्रीपती म्हणाला.

"मग तुमची जीप काय कवळी हाय व्हय? पर तिलाबी स्थळ आणलंय मी. पुण्याचा एक पोरगा हाय, डोंगरानं गाड्या उडवीत हिंडतो. त्याला अशीच मधल्या मापाची जीप पायजे. सोमवारपतोर थांबतो म्हणालाय. जीप त्याला, ही तुमाला. वरच्या पैशाचं अतुलचं अन् माझं ठरलंय."

श्रीपतीचा मुलगा अतुल गाडीभोवती तिसरी फेरी मारत होता. त्याचं मन कधीच ठरलं होतं. धरणाच्या पलीकडच्या काठावर तंबूंची वस्ती झाली होती. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची माणसं तिथं पाण्याकडं बघत झोपायला यायची. त्या तंबूवाल्यानं अतुलला बारमाही काम देऊ केलं होतं. गाद्या, पाण्याचे कॅन, सिलिंडर, सगळं डोंगराच्या कच्च्या वाटेनं खाली न्यायचं. जीपला त्याच सामानाला तीन खेपा व्हायच्या. "मोठी गाडी घेऊन ये, मग बोल," असं तंबूवाला म्हणाला होता.

वीस वर्षं श्रीपतीनं त्या जीपनं माणसं किल्ल्यांच्या पायथ्याला वाहिली होती. तरीही मोठ्या गाडीला त्याची ना नव्हती. त्याचं कारण आत पडवीत खाटेवर पडलेलं होतं.

त्याची आई धोंडाबाई. वय नव्वदीला टेकलेलं. दिवाळीत मोरीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घातली, पण पाय दुमडेना. जीपच्या आडव्या बाकड्यावर बसायचं म्हणजे पाय दुमडायला हवा. मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर मात्र ती पाय पसरून, उशीला टेकून जाऊ शकली असती. आणि तिला जायचं होतं खडकोळीला.

खडकोळी त्यांचं गाव. श्रीपती नऊ वर्षांचा असताना धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. पण गाव होतं धरणाच्या पार शेपटीला, डोंगराकडच्या अंगाला. वैशाखात पाणी उतरलं की तीन-चार आठवडे ते उघडं पडायचं. जोती, पाट्या-वरवंट्याचे तुकडे, देवळाचा चौथरा. पांगलेली माणसं तेव्हा गोळा व्हायची. आपापल्या घराचा उंबरा शोधायचा, त्यावरचा गाळ झाडायचा, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, दुपारची भाकरी तिथंच खायची आणि निघायचं. धोंडाबाईनं एकही वैशाख चुकवला नव्हता. यंदा खाटेवर पडून ती रोज सकाळी विचारायची, "शिरपा, पानी कुटवर उतारलं?"

"उतरलं आये. आपला उंबरा उघडा पडला."

"मग कदी न्यायचं मला?"

पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. श्रीपतीनं गोरखला सांगितलं, "गाडी पसंत हाय. पर आदी खडकोळीच्या वाटंवर घालून बघायची. तिकडं गेली, तर सौदा पक्का."

"व्हय की. भाऊ, ही गाडी भित्तीवरबी चढंल."

गुरुवारी सकाळी तिघं निघाले. श्रीपती चालवायला, शेजारी गोरख, मागं अतुल.

खडकोळीला आधीपासून एकच वाट होती, बैलगाडीची. वरच्या कातळावरून ती उतरत यायची. किती पिढ्यांच्या गाड्यांच्या चाकांची लोखंडी धाव एकाच रेषेतून गेली असेल कोण जाणे, पण त्या कातळात वीतभर खोल दोन चाकोऱ्या पडल्या होत्या. वरून पन्नास-पंचावन्न पावसाळे पाणी गेलं, गाळ बसला, धुपला, पण चाकोऱ्या बुजल्या नाहीत. जीप नवी घेतली त्या पहिल्या वैशाखात श्रीपती भीत भीत ती वाट उतरला होता. कातळाच्या तोंडाशी पुढची चाकं खट्‌कन खाली बसली आणि मागोमाग मागचीही. त्याला वाटलं, अडकली. पण जीप अडकली नव्हती. बैलगाडीचं आणि जीपचं माप एक निघालं होतं. त्यानं हळूच स्टेअरिंगवरचे हात उचलले. जीप आपली आपण चालत राहिली. वळणाला वळली, उताराला उतरली. त्याच्या बापाची गाडी जशी झोपलेल्या बापाला घरी आणायची, तशी तिनं श्रीपतीला उंबऱ्याशी आणून सोडलं. त्यानंतर दर वर्षी त्या जागी आलं की तो हात मांडीवर ठेवायचा. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती. मोठ्या माणसानं सांगावी अशी ती गोष्ट नव्हती.

मोठी गाडी कातळाच्या तोंडाशी आली आणि श्रीपतीनं सवयीनं हात सैल सोडले.

खट्ट असा आवाज झालाच नाही. डावी चाकं चाकोरीत बसली, उजवी वरच कातळावर राहिली. गाडी एका कुशीवर कलली. गोरखनं वरची दांडी धरली.

"भाऊ, हात! हात कुटं हायत तुमचे?"

श्रीपतीनं स्टेअरिंग धरेपर्यंत डाव्या चाकोरीनं गाडीला आपल्या ओढीनं पुढं नेलं होतं. पुढं कातळ संपून वाट भाताच्या खाचरांमधल्या बांधावरून जात होती. बांध दगडी, पण बैलगाडीपुरताच. उजवं चाक बांधाच्या बाहेर पडलं. खाचरातला गाळ वरून पापडासारखा वाळलेला असतो, आणि त्याच्या खाली काय आहे ते पाय घातल्याशिवाय कळत नाही. पापड फुटला. गाडी उजव्या अंगानं पार दारापर्यंत आत बसली.

तिघं डाव्या दारांनी बाहेर आले. मग गोरख म्हणाला, "भाऊ, गाडी मी दाखवायला आणलीवती. पुरायला न्हाई."

अतुलनं चारी चाकांची ताकद लावून बघितली. चाकांनी चिखल उडवला तो गोरखच्या पांढऱ्या शर्टावर, आणि गाडी आणखी बोटभर खाली गेली. फोनला रेंज फक्त वरच्या टेकाडावर यायची. अतुल तिथं जाऊन बायकोला फोन करून आला.

तासाभरानं रेणुका जीप घेऊन आली. कार्ल्याच्या पायथ्याला तिचा नारळ-फुलांचा स्टॉल होता, त्यामुळं जीप तिच्याही हातातली होती. कातळाच्या तोंडाशी जीप खट्‌कन बसली आणि तुरुतुरु बांधावरून पुढं आली. रेणुकानं उतरून सगळा देखावा नीट बघून घेतला.

"कुणी हाकलीवती?"

अतुलनं बापाकडं बघितलं. बापानं डोंगराकडं.

"मग मी काय म्हनत न्हाई," ती म्हणाली आणि मागून दोर काढला.

"वैनी, जरा हळू वढा," गोरख म्हणाला, "परक्याची लेक हाय."

"ही जीप म्हंजी माझी सासरची म्हातारी. तिला जमंल तेवडंच वढंल."

तीन हिसक्यांत मोठी गाडी बांधावर आली. गोरख वाकून वाकून चारी बाजूंनी बघत होता, कुठं चेपलंय का. श्रीपती मात्र चाकोरीशी उकिडवा बसला होता. बोटं पसरून त्यानं दोन चाकोऱ्यांमधलं अंतर मोजलं, मग उठून मोठ्या गाडीच्या चाकांमधलं. दीड वीत जास्त भरलं.

"न्हाई जमायचं," तो म्हणाला.

परत जाताना बापलेक जीपमध्ये होते, रेणुका गोरखबरोबर मोठ्या गाडीत. चढ संपल्यावर अतुलनं विषय काढला.

"आबा, वर्साचं दिवस किती?"

"का?"

"त्यातला एक दिवस आपुन खडकोळीला जातो. बाकीच्या दिसांचं काय? किल्ल्याला आता पार पायथ्यापतोर डांबर झालं. लोकं आपापल्या गाड्या घेऊन जात्यात. गेल्या म्हैन्यात जीपला किती फेऱ्या झाल्या? सांगा बरं."

श्रीपतीनं गिअर बदलला. आकडा त्यालाही माहीत होता, अतुललाही.

"आजीला न्यायचं म्हनून तुमी व्हय म्हनालावता. आता आजीसाटीच न्हाई म्हनताय. मी करायचं काय?"

"सोमवार हाय अजून," श्रीपती म्हणाला. "आदी म्हातारीला नेऊन आणू. जीपनंच. मग बगू."

शनिवारी त्यानं जीपमधलं एक बाकडं पान्यानं सोडवून काढलं. खाली गवताचा पेंढा, त्यावर दोन गाद्या, दोन्ही बाजूंना उशा. रविवारी उन्हं तापायच्या आत चौघांनी धोंडाबाईला चादरीसकट उचलून आत ठेवलं. चौथा शेजारचा हॉटेलवाला होता.

डांबर संपेपर्यंत ती खुशीत होती. वरच्या पत्र्याकडं बघत "हे वळान कुसगावचं, ही खिंड," असं न बघताच ओळखत होती. डांबर संपलं आणि तिचं बोलणं बंद झालं. प्रत्येक धोंड्याला आतून "आई गं" ऐकू यायचं. रेणुका तिचा पाय दोन्ही हातांनी धरून बसली होती. "आबा, हळू. आबा, थांबा जरा." श्रीपती थांबायचा. म्हातारी म्हणायची, "थांबू नगं, चल."

कातळाच्या तोंडाशी जीप खट्‌कन बसली. त्या हिसक्यानं धोंडाबाई मोठ्यानं ओरडली. त्या दिवशी त्यानं स्टेअरिंगवरून हात उचलले नाहीत. मनगटं दुखेपर्यंत धरून ठेवले.

उंबऱ्यापाशी त्यांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, पाय पुढं पेंढ्यावर टेकवला. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. पाणी पिऊन जरा रंग आला. रेणुकानं उंबरा झाडला, कुंकू लावलं. अतुलनं नारळ फोडला. श्रीपती जोत्यावर चढला. इथं चूल, इथं दावण, इथं कणग्या. पावलं मोजायची त्याला गरज नव्हती. या एवढ्या दगडांत आला की बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचा गडी दुभत्या म्हशीच्या मागं उभं राहून धार बघणारं पोर व्हायचा. दावणीच्या दगडाला अजून दोरीचा घासा होता. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला.

"शिरपा," आईनं हाक मारली. "मला फिरीव."

"काय?"

"तोंड फिरीव माजं. तिकडं. पान्याकडं."

"आये, आपलं घर हिकडं हाय."

"दिसलं की घर. आता फिरीव."

त्यानं आणि अतुलनं खुर्ची उचलून पाण्याकडं फिरवली. समोर उरलेलं धरण पसरलं होतं. लांबवर धरणाची भिंत, तिच्या अलीकडं नुसता चकाकता पत्रा. म्हातारीनं कपाळावर हात आडवा धरला आणि बघत राहिली. बघता बघता ती पुढं झुकली, इतकी की रेणुकानं मागून पदर धरला.

श्रीपतीला एकदम उमगलं की दर वर्षी असंच व्हायचं. उंबऱ्याला कुंकू लावून झालं की आई पाठ फिरवून पाण्याकडं तोंड करून बसायची. त्याला वाटायचं, वाऱ्याला बसली. दमली असेल.

"तिकडं काय हाय, आये?"

"करंजवणं."

"कंचं करंजवणं?"

"माजं म्हायेर, दुसरं कंचं!" ती चिडून म्हणाली, जणू तो रोज तिथूनच ये-जा करत होता. "ती भित्त दिसती न्हवं? तिच्या हिकडं, सोंडंवरनं ते काळं टेकाड डोकावतंय बग, त्याच्या पायथ्याला. तितलं पानी कदीच उतरत न्हाई. तुमचं गाव नशिबाचं, वर्साला तोंड दावतं. आमचं गेलं ते गेलं."

श्रीपती खाली मातीत बसला.

"सखाराम मुराळी यायचा," ती पाण्याकडंच बघत बोलत होती. सखाराम तिचा थोरला भाऊ. पुनर्वसनात लांब कुठं तरी जमीन मिळाली आणि तिकडंच वारला. "पंचमीच्या आदी मला न्यायला यायचा. गाडीला झूल घालून. मी हितं उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची. आदी घुंगराचा आवाज यायचा, मग त्या वळनावर बैलाची शिंगं. शिंगं दिसली की माज्या हातातलं सूप... तुजी आजी म्हनायची, बया, आमचं तांदूळ उधळू नगं, भाऊ काय पळून जात न्हाई."

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमी सारी लांबून लांबून यायचा, उंबऱ्याला कुंकू लावायचा. मी काय म्हनू, माजं घर हे न्हवं, ते हाय?" ती जराशी हसली. "नांदायला आलेल्या बाईनं असं म्हनू न्हाई."

अतुल जवळ आला होता. त्यानं टेकाडाकडं बोट केलं. "आजी, ते काळं टेकाड? त्याच्याच खाली तंबू हायेत की. आमचं काम तितंच हाय."

"तितं जायाला वाट हाय?"

"मोटी वाट हाय. कच्ची हाय, पर रुंद. वर्सभर सुरू असती."

म्हातारीनं मान फिरवून नातवाकडं बघितलं. तिनं काही मागितलं नाही. पण असं बघणं श्रीपतीनं तिच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. किंवा ते पाण्याकडं वळलेलं असायचं म्हणून त्याला दिसलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर ती पुन्हा कण्हत होती. श्रीपती गाडी चालवत होता आणि मनात एकच गोष्ट फिरत होती. आपण आईसाठी जीप धरून बसलोय असं सगळ्यांना सांगितलं. गोरखला, पोराला, आणि स्वतःला तर सगळ्यांत जास्त. खडकोळीची ओढ आईची नव्हतीच. ती ह्या हातांची होती, जे चाकोरी आली की मांडीवर यायचे. आणि आपल्या त्या एका दिवसापायी म्हातारीची हाडं आज धोंड्या-धोंड्यावर आपटली होती.

सोमवारी गोरख मोठी गाडी घेऊन आला तेव्हा श्रीपतीनं बाकडं परत बसवून जीप धुऊन ठेवली होती. त्यानं किल्ली गोरखच्या हातावर ठेवली.

अतुलच दचकला. "आबा? अन् खडकोळी?"

"खडकोळी पान्याखाली जाऊन पुन्ना वर येती. तिची काळजी तू करू नगंस."

"भाऊ, इचार केलाय न्हवं?" गोरखनं विचारलं. दलाल असून त्यानं असं विचारलं, हे श्रीपतीला बरं वाटलं.

"त्या पोराला सांग, तिसरा गिअर जरा हळू टाकत जा म्हनावं. हिसका दिल्याला तिला आवडत न्हाई."

गोरखनं जीप सुरू केली. श्रीपती आत गेला आणि कारण नसताना मोरीतली बादली भरून ठेवली. आवाज महामार्गाच्या आवाजात मिसळून जाईपर्यंत तो नळ चालू ठेवून उभा होता.

बुधवारी तंबूवाल्याच्या गाद्या नेताना अतुलनं आजीला मागच्या सीटवर आडवं टेकवून घेतलं. श्रीपती पुढं बसला. उतार मोठा होता, खड्डे होते, पण गाडी डुलत डुलत उतरली आणि मागून एकदाही "आई गं" आलं नाही. टेकाडाखाली, तंबूंच्या जरा बाजूला, अतुलनं गाडी अशी लावली की मागच्या दाराच्या काचेतून समोर नुसतं पाणी. मग तो गाद्या उतरवायला गेला.

धोंडाबाईनं काच खाली करायला लावली. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिचं बोट निघालं.

"ती हीर. हिरीच्या वर चाफा. त्याच्या हिकडं आमचं दार, उगवतीला. मागं चिंच, तितं सखारामाची गाडी सोडायची."

श्रीपती तिच्या बोटामागं बघत होता. सगळीकडं सारखंच पाणी होतं. बोट मात्र कुठंही चुकत नव्हतं. तेवढ्यात तंबूतल्या पाहुण्यांना घेऊन एक मोटरबोट फडफडत आली आणि बरोबर चाफ्यावरून पलीकडं गेली.

"ए मुडद्या!" म्हातारी खिडकीतून ओरडली. "आंगनातनं काय नेतोस? कडंनं जा की!"

बोटवाल्यानं हात हलवला. म्हातारीला ते पुरलं. ती पुन्हा उशीला टेकली.

श्रीपती खाली उतरून गाडीच्या मागं गेला आणि मावळतीकडं बघितलं. खडकोळी त्या अंगाला. पण मध्ये डोंगराची सोंड आडवी आली होती. इथून तिकडचं काही दिसत नव्हतं, चौथराही नाही आणि कातळही नाही.

"तुला तुजं दिसतं का रं हितनं?" आईनं विचारलं.

"न्हाई," तो खिडकीशी येत म्हणाला.

तिनं पाठीची उशी सारखी केली. "उद्या पुन्ना आनशील मला?"

"उद्या अतुल आनंल. सिलिंडर यायचेत म्हनं."

"अन् तू?"

"मी उद्या पायी निगतो. खिंडीतनं उतरंन. पानी चढायच्या आदी एकदा जाऊन येतो."

"लय चाल हाय, शिरपा."

"दम खात जाईन."

तिनं हात बाहेर काढून त्याच्या बाहीवरची तंबूच्या गाद्यांची धूळ झटकली, तो नऊ वर्षांचा असल्यासारखी.

"जा," ती म्हणाली. "पर भाकरी बांधून ने. तितं आता वाढायला कुनी न्हाई."